सहाव्या जागेची शर्यत

निवड चाचणीत पहिला कोण येणार, हे बहुधा शिट्टी वाजण्याआधीच सगळ्या मैदानाला माहीत असतं. तो मुलगा मागच्या वर्षीही पहिला आलेला असतो. वॉर्मअप करताना बाकीची पोरं डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघतात, तो कोणाकडेच बघत नाही. त्याची शर्यत घड्याळाशी असते. माझ्या मुलांची शर्यत त्याच्या बरीच मागे, पाचव्या ते दहाव्या जागेच्या दरम्यान लागायची. संघात सहा जण घ्यायचे असतील, तर सहावा आणि सातवा यांच्यातलं अंतर हाच त्या दिवसाचा निकाल. पहिल्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. सहावा कोण आणि सातवा कोण, हे त्यांच्या शाळेबाहेर कोणाला कळतही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत क्रीडाशिक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली ती या दोन जागांमधल्या अंतरावर.

क्रॉसकंट्री म्हणजे काय, हे आमच्याकडे पुष्कळ पालकांना समजावून सांगावं लागायचं. आखलेल्या चारशे मीटरच्या गोलात न धावता माळावरून, गवतातून, चढ-उतारावरून, शेताच्या कडेने धावायचं. अंतर वयावर ठरतं. राष्ट्रीय स्पर्धेत १६ वर्षांखालच्या मुलामुलींना २ किलोमीटर, १८ खालच्या मुलींना ४ आणि मुलांना ६, २० खालच्या मुलींना ६ आणि मुलांना ८, आणि मोठ्यांच्या गटात बायका-पुरुष दोघांनाही १० किलोमीटर. या प्रकारात जागतिक विक्रम नसतो, कारण कुठलेही दोन मार्ग सारखे नसतात. किती मिनिटांत आलास याला फारसा अर्थ नाही. कितवा आलास, एवढंच मोजतात. एका पालकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे वावरातून पळाचं. थे तं हा रोजच पळते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या शाळेच्या मैदानाला एका बाजूला उतार होता आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत वाढायचं. लांब उडीचा खड्डा दर वर्षी नव्याने खणायचा आणि दर वर्षी त्यात गावातली गुरं येऊन बसायची. अशा जागेवर शंभर मीटरचा धावपटू तयार करणं अवघड. पण शाळेच्या मागून वाघाडी नदीकडे आणि पुढे वावरांकडे जाणाऱ्या पांदणी होत्या. बैलबंडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, दगडगोटे, नाल्याचा उतार आणि पलीकडचा चढ. या खेळाला लागतं ते सगळं तिथे आयतं होतं आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा नव्हता.

सरावाचा आराखडा मी पांदणीच्या कडेच्या बाभळींवर बसवला. एका बाभळीपासून दुसरीपर्यंत जीव तोडून धावायचं, तिथून तिसरीपर्यंत रमतगमत, मग पुन्हा जोरात. बाभळी काही मोजून लावलेल्या नसतात, त्यामुळे जोराचा तुकडा कधी साठ मीटरचा यायचा, कधी तीनशेचा. पुढे एका प्रशिक्षण वर्गात कळलं की याला फार्टलेक म्हणतात. १९३० च्या दशकात स्वीडनचे प्रशिक्षक गोस्ता होल्मर यांनी ही पद्धत बसवली, कारण त्यांचे धावपटू शेजारच्या फिनलंडकडून सारखे हरत होते. मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "सर, तिकडंही बाभळी हायेत का?" तिकडे बहुतेक पाईनची झाडं असावीत, असं मी सांगितलं.

काळ्या मातीत धावण्याची तऱ्हा निराळी. पावसानंतर चार पावलांत बुटाला मातीचे थर चढतात आणि पाय उचलेनासा होतो. पोरं सरळ बूट काढून हातात घेत आणि अनवाणी धावत. डिसेंबर उजाडला की तीच माती तडकते आणि भेगेत पाऊल अडकून घोटा मुरगळतो. म्हणून मी त्यांना वर्षभर एकच गोष्ट सांगायचो: नजर पायाशी ठेवू नका, आठ-दहा पावलं पुढे ठेवा. पायाशी बघणारा दगड चुकवतो, पण त्याचा वेग मोडतो. पुढे बघणारा दगड येण्याआधीच वाट बदलतो. निवड चाचणीला शहरातली मुलं नांगरटीवर अडखळायची, आमची त्यावरून सरळ निघून जायची. आमच्याकडे बाकी फारशा जमेच्या बाजू नव्हत्या, ही एक होती.

क्रॉसकंट्रीचा हंगाम थंडीचा आणि कापसाचा हंगामही थंडीचा. यवतमाळ जिल्ह्यात कोणी मुलांचा संघ बांधत असेल, तर त्याने आधी वेचणीचं वेळापत्रक पाहावं. ऑक्टोबरपासून बोंडं फुटायला लागतात आणि शनिवार-रविवार म्हणजे घरातल्या सगळ्या हातांना काम. स्पर्धाही नेमक्या शनिवार-रविवारीच असतात. एका मुलाला चाचणीला पाठवा, म्हणून मी त्याच्या आईकडे गेलो होतो. बाई ओट्यावर बसून कापसातला काडीकचरा काढत होत्या.

"सर, रविवारी वेचणी हाये. दोन हात कमी पडले तं मजूर लावा लागते."

"ताई, एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

"एक दिवस एक दिवस करता करता कापूस खाली पडते ना. पाणी आलं तं कवडी होते."

मी तिथे खेळाचं महत्त्व सांगत बसलो नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं. उत्तर मुलांनीच काढलं. गुरुनानक जयंतीच्या सुटीला संघातली पोरं आपणहून त्या वावरात गेली आणि दुपारपर्यंत वेचणी करून आली. दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांनी कंबर धरलेली होती. त्या रविवारी तो मुलगा आला. तेव्हापासून संघ निवडताना मी घरोघरी जाऊन वावर किती, कापूस किती, हात किती हेही विचारत गेलो. कोणत्या मुलाला कोणत्या आठवड्यात सोडवून आणता येईल, याची माझी एक वही होती. धावण्याच्या वेळांच्या वहीपेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

दुसरी स्पर्धा होती भरतीशी. पहाटे पाचला पारव्याच्या रस्त्यावर गेलात तर अंधारात धापा ऐकू येतात. मोबाइलचा टॉर्च लावून धावणारी ही भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. अग्निवीरच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं, तर धावण्याचे पूर्ण ६० गुण. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. आमच्याकडे मूल धावतं ते बहुतेक वेळा या कारणांसाठी, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू वावरावर चार माणसांचं घर चालत नाही, हे त्या पोरांना माझ्याहून जास्त कळतं.

पण १६०० मीटरची सवय सहा किलोमीटरला नडते. भरतीच्या सरावातून आलेला मुलगा पहिल्या किलोमीटरला बाण सुटावा तसा सुटतो आणि तिसऱ्याला त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. अशा मुलांना मी पहिले काही आठवडे घड्याळ दाखवायचोच नाही. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावा म्हणायचो. त्यांना तो वेळेचा अपव्यय वाटे. एक जण तर स्पष्ट म्हणाला, "सर, गप्पा माराले तं चौकातही जागा हाये." पण महिन्या-दीड महिन्यात चढावर त्याचा श्वास टिकायला लागला आणि तो काही न बोलता त्या वेगावर आला.

या कामात सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती वेगाची नाही, रक्ताची. आमच्या संघात एक मुलगी होती. हलकी, चिवट, चढावर मुलांनाही मागे टाकणारी. पण लांबच्या सरावानंतर तिचे पाय आणि पाठ विलक्षण दुखायची. तिला आळशी ठरवायला आजूबाजूचे तयारच होते. तपासणीत निघालं की ती सिकलसेलची वाहक आहे, आमच्याकडे 'एएस पॅटर्न' म्हणतात तसं. विदर्भात हा आजार घरोघरच्या ओळखीचा आहे. आदिवासी वस्त्यांत त्याचं प्रमाण जास्त, पण इतर समाजांतही तो आहे. 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. वाहकाचं रोजचं आयुष्य साधारण इतरांसारखंच असतं, पण ऊन, पाण्याची कमतरता आणि अतोनात श्रम एकत्र आले तर त्याच्याही जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी तिला धावायला मनाई केली नाही, अटी घातल्या. पाणी सतत, वॉर्मअप सावकाश, उन्हात जोराचा सराव बंद आणि स्नायूंत कळ आली की तिथल्या तिथे थांबायचं, अंगावर काढायचं नाही. ती धावत राहिली. मात्र तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक वर्षी संघ ठरण्याआधी सगळ्यांची रक्ततपासणी करून घेणं हा आमच्याकडे नेम झाला. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या मुलांच्या हातात ते कागद आधीपासूनच होते.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन ही दुसरी गाठ. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती पुष्कळदा दप्तरात जाते आणि दप्तरातून खिडकीबाहेर. गोळीने मळमळतं, ही तक्रार खरी असते. जेवल्यावर घ्या, चहासोबत घेऊ नका, सोबत लिंबू किंवा आवळा खा, एवढ्या साध्या सूचना पाळल्या तरी दोन-तीन महिन्यांत चढावरचा दम वाढलेला दिसायचा. माझ्या हाताखालच्या मुलींचा वेग जितका सरावाने वाढला, तितकाच या गोळीने वाढला, असं मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

आता ज्या शनिवार-रविवारने माझं काम बदललं, त्याविषयी. जिल्ह्याचा संघ निवडायचा होता, १८ खालची मुलं, ६ किलोमीटर, पहिले सहा जाणार. आमच्याकडून दोघे होते. एक अकरावीतला, एक दहावीतला. थोरला संघाचा कणा. सराव चुकवायचा नाही, नवीन पोरांना सोबत घेऊन धावायचा. धाकटा त्याच्याच सावलीत तयार झालेला. थोरल्याने वळण घेतलं की त्यानेही घ्यायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी स्टँड गाठायचं. घाटंजी ते यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, पण शनिवारच्या गर्दीत उभ्याने गेलं तर पायांचं भुस्कट होतं. म्हणून गाडी लागायच्या आधी जाऊन जागा धरणं हा माझ्या दृष्टीने प्रशिक्षणाचाच भाग. माझ्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी: जन्मदाखले, आधारकार्डं, बोनाफाईड, फोटो आणि प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. जन्मतारखेतल्या एका आकड्याच्या घोळापायी वर्षभराची मेहनत टेबलावर संपलेली मी पाहिली आहे. वय कमी दाखवून आलेली मुलं खालच्या गटात पहिली आलेलीही पाहिली आहेत. दाढी आलेला 'सोळा वर्षांचा' मुलगा शेजारी उभा राहिला की आमची पोरं माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "त्याचा कागद तो बघेल, तू तुझी वाट बघ." याहून चांगलं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही मार्ग पायी फिरलो. दोन किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. सुरुवातीला रुंद गवत, मग एकदम अरुंद पायवाट, पळसाच्या झाडापाशी डावं वळण, पुढे नांगरलेला पट्टा, शेवटी हलका चढ आणि सरळ रेषा. मार्ग चालून पाहण्याचा माझा हट्ट एका जुन्या प्रसंगातून आला होता. दुसऱ्या एका गावच्या शर्यतीत वळणावर उभा राहायचा स्वयंसेवक चहाला गेला, चुन्याची रेघ पायांनी पुसली गेली आणि पुढचे सगळे सरळ धावत सुटले. मागून येणाऱ्या एका मुलीने वाट आदल्या दिवशी पाहिली होती. ती एकटी वळली. त्यावर वाद झाला, शर्यत पुन्हा घ्यावी म्हणून आरडाओरडा झाला, पण तिची जागा कायम राहिली.

रात्री ओळखीच्या एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकल्या. जेवण वरण-भात-पोळी. धाकट्याला स्टँडजवळची कचोरी आठवत होती. "उद्या दहा वाजल्यानंतर दोन खा," म्हटलं. शर्यतीच्या आदल्या रात्री मुलं झोपत नाहीत, हे मी गृहीतच धरलेलं असतं. कूस बदलतात, पुन्हा पुन्हा पाणी प्यायला उठतात, कोणीतरी अंधारात उगाच हसतं. झोपा झोपा म्हणून ओरडलं की भीती वाढते. त्यांना मी आधीच सांगून ठेवायचो की शुक्रवारची झोप कामाची, शनिवारी नुसतं आडवं पडलं तरी भागतं. हे ऐकलं की निम्मी लगेच झोपायची.

रविवारी सकाळी हातपाय गारठलेले. अर्धा कप चहा, एक केळं. चेस्ट नंबर चार पिनांनी लावायचा, दोन पिनांनी लावला की वाऱ्यावर फडफडतो आणि धावताना हात त्याच्याकडे जातो. मी दोघांना दोनच सूचना दिल्या. पहिल्या फेरीत पंधराव्याच्या पुढे जायचं नाही, दुसरीपासून नांगरटीवर एकेक गाठायचा. आणि शेवटची रेषा ओलांडली तरी बसायचं नाही. दोरीच्या गल्लीतून चालत जाऊन क्रमांकाची चिठ्ठी हातात पडली की मगच बसायचं. गर्दीत रेषेवर कोसळलेल्या मुलाची चिठ्ठी मागचा घेऊन जातो आणि मग पंचांसमोर आपण काहीही सांगत बसलो तरी उपयोग होत नाही.

मी रेषेजवळ थांबलो नाही. नांगरलेल्या पट्ट्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे दुसरं कोणी नसतं. टाळ्या रेषेवर असतात, मंडप रेषेवर असतो, फोटो रेषेवर निघतात. पण जागा बदलतात त्या इथे, जिथे पाय रुततो आणि कोणी बघत नसल्यामुळे मनातल्या मनात हार मानायला सोपं जातं. पहिल्या फेरीत दोघे चौदावा-पंधरावा. अगदी सांगितल्याप्रमाणे. पुढे भरतीच्या चालीने सुटलेली तीन-चार पोरं होती, त्यांचे खांदे आताच वर यायला लागले होते. दुसऱ्या फेरीत दोघे नववा आणि दहावा. मी फक्त आकडा ओरडायचो. 'शाब्बास' वगैरे मी म्हणत नाही. धावणाऱ्याला त्या वेळी माहिती हवी असते.

तिसऱ्या फेरीला थोरला सातवा, धाकटा आठवा. सहाव्या जागेवर दुसऱ्या तालुक्याचा मुलगा होता, त्याने कूस धरलेली होती. मी ओरडलो, "पुढचा दमला!" दोघांनीही ऐकलं. नांगरटीच्या शेवटी दोघांनी त्याला दोन बाजूंनी मागे टाकलं. आता सहावा आणि सातवा माझेच होते आणि त्यांना सांगण्यासारखा शब्द माझ्यापाशी उरला नाही. त्या दोघांपैकी कोणाला काय ओरडायचं? मी वावरातून आडवा धावत रेषेकडे निघालो. पोचेपर्यंत शर्यत संपली होती. धाकट्याच्या हातात सहाची चिठ्ठी होती, थोरल्याच्या हातात सातची.

थोरला माझ्याकडे आला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं: "सर, मी सोडली नाही बरं का. थो निघूनच गेला."

त्याला हरल्याचं दुःख होतंच. पण लहान भावासारख्या पोरासाठी आपण जागा सोडली, असं कोणी म्हणेल, याची त्याला जास्त चीड होती. मैत्रीखातर हरणं त्याला मोठेपणाचं वाटत नव्हतं. शेवटच्या चढावर धाकट्याच्या पायात जास्त जोर उरला होता, इतकंच. परतीच्या गाडीत दोघे एकाच बाकावर बसले. धाकट्याने चिठ्ठी खिशात दडपून ठेवली होती. कचोरी त्याने खाल्लीच नाही.

पुढे धाकटा राज्य स्पर्धेला गेला. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडच्या पोरांमध्ये तो खूप मागे आला. परत आल्यावर म्हणाला, "सर, तिथं सगळेच माह्यासारखे होते. सगळे आपापल्या गावचे पहिले." हे त्याने रडत सांगितलं नाही. त्याला पहिल्यांदाच मोजपट्टी मिळाली होती. दुसऱ्या वर्षी त्याने सराव वाढवला, बारावीनंतर भरतीत उतरला आणि वर्दी घातली. थोरला मात्र पुन्हा कुठल्या स्पर्धेला उभा राहिला नाही. काही दिवस पहाटे भरतीच्या पोरांबरोबर दिसायचा, मग तेही थांबलं. आता हंगामात जिनिंगवर काम करतो. भेटला की नमस्कार करतो, धावण्याविषयी बोलत नाही. दोघांतलं अंतर तीन-चार पावलांचं होतं. सातव्याला त्या खेळाने काही दिलं असं मी म्हणालो, तर त्याच्या तोंडावर म्हणण्याची माझी हिंमत नाही.

यानंतर मी मुलांना अविनाश साबळेची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगायला लागलो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकला, २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पोरांना पदकं पाठ असतात. मी त्यांना मधली वर्षं सांगतो. तो बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि खऱ्या अर्थाने स्पर्धेचं धावणं सुरू केलं ते सैन्याच्या क्रॉसकंट्री संघात, वयाच्या विशीनंतर. स्टीपलचेसकडे तो वळला २०१७ मध्ये. म्हणजे या पोरांच्या इयत्तेत असताना त्याचं नाव कुठल्या यादीत शोधण्यात अर्थ नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर यांचीही नावं मी घेतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये दहावी येणारी मुलगी आपल्याकडे हिरो ठरते आणि जिल्ह्यात सातवा आलेला घरी जातो. हे नियम असेच राहणार. पण सतराव्या वर्षीची सातवी जागा म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, हे त्याला शर्यतीच्या आधी सांगायला हवं. शर्यतीनंतर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं आणि पोरांना सांत्वन लगेच ओळखू येतं.

नुसतं सांगून भागत नाही, म्हणून शाळेत आम्ही आमची स्वतःची शर्यत सुरू केली. थंडीत, वाघाडीच्या काठाने, पांदणीतून. क्रॉसकंट्रीत संघाचे गुण मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. जागतिक स्पर्धेत देशाचे सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. म्हणजे पहिला आलेला एक मुलगा संघाला वाचवू शकत नाही, चौथा कितवा आला यावर सगळं ठरतं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हे जगाने पाहिलं. भयानक उन्हात ३८ जण सुटले आणि अवघे १५ शेवटपर्यंत पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी आरामात पहिला आला. पण तेव्हा तिघांचे क्रमांक धरत, त्यामुळे सांघिक सुवर्णासाठी त्यांचा तिसरा माणूस पोचणं गरजेचं होतं. हेइक्की लिमाताइनेन रेषा थोड्याच अंतरावर असताना भान हरपून थांबला. कसाबसा पुन्हा निघाला आणि बारावा आला. फिनलंडचं सुवर्ण त्याच्यामुळे टिकलं. त्यानंतर ऑलिंपिकमधून क्रॉसकंट्री कायमची गेली.

आमच्या शर्यतीत आम्ही ही पद्धत आणखी ताणली. वर्गातल्या उतरलेल्या सगळ्यांचे क्रमांक मोजायचे आणि सरासरी काढायची. रक्ततपासणीत अडचण निघालेली मुलं मार्गावर पंच म्हणून उभी राहतात, त्यांची नावंही वर्गाच्या यादीत असतात. पहिल्या वर्षी पोरं कुरकुरली. ज्या वर्गात वेगवान पोरं होती, तो वर्ग हरला, कारण त्यांचे मागचे गडी नाल्यापाशीच चालायला लागले होते. दुसऱ्या वर्षी त्याच वर्गातली पुढची पोरं दिवाळीनंतर रोज संध्याकाळी मागच्यांना घेऊन पांदणीत दिसायला लागली. सरावाची वेळ त्यांनी स्वतः ठरवली होती, मला विचारलंही नव्हतं. शर्यतीच्या दिवशी नवव्या वर्गातल्या सगळ्यात जाड मुलाला नाल्याच्या चढावर ओरडून ओरडून आकडा सांगणारे त्याचेच मित्र होते. रेषेवर कोणी नव्हतं.

यातून कोणी जिल्ह्याच्या संघात गेला का, असं मला विचारतात. काही गेले, पुष्कळ गेले नाहीत. पण सातवा आल्यावर बूट कायमचे काढून ठेवणारी मुलं आमच्याकडे कमी झाली, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. निवडीची संख्या वाढवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. सहा म्हणजे सहाच, आणि निवड म्हटली की ती तशीच असावी लागते. शाळेतली शर्यत कशी मोजायची हे मात्र शाळेच्या हातात असतं, आणि त्यासाठी मैदान, निधी किंवा परवानगी यांपैकी काही लागत नाही.